लेखनाचा धंदा करायचाय? लॅपटॉपच्या आधी फाइली कुठे ठेवणार ते ठरवा



"मॅडम, लेखनाचं काम सुरू करतोय, कोणता लॅपटॉप घेऊ?" प्रत्येक बॅचमध्ये पहिल्याच दिवशी हा प्रश्न येतो. त्यावर मी उलटा प्रश्न विचारते. हा लॅपटॉप उद्या सकाळी चालूच झाला नाही, तर दुपारपर्यंत तुम्ही गिऱ्हाइकाचं काम पुढे नेऊ शकाल का? वर्गात शांतता पसरते. म्हणून व्हिडिओत दहा मिनिटांत उरकलेला विषय इथे नीट सविस्तर लिहिते आहे.

लेखनाचा धंदा म्हणजे काय, ते आधी स्पष्ट करू. पतसंस्थेची स्मरणिका, सोसायटीचा वार्षिक अहवाल, शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक, एखाद्या आजोबांचं आत्मचरित्र त्यांच्याकडून ऐकून लिहून देणं, दुकानदारांच्या जाहिराती, यूट्यूबच्या स्क्रिप्ट, भाषांतर, सबटायटल. सांगली-मिरजेसारख्या गावातही ही कामं मिळतात, चांगले पैसे देऊन मिळतात. किराणा दुकानात माल रॅकवर दिसतो. आपला सगळा माल काही एमबींच्या फाइलीत असतो, आणि गोडाऊनला आग लागावी तसा तो एका सेकंदात जाऊ शकतो. शिवाय तो माल बऱ्याचदा गिऱ्हाइकाचा असतो. आजोबांनी सांगितलेल्या आठवणी हरवल्या आणि आजोबाच राहिले नाहीत, तर ते काम पुन्हा करता येत नाही.

आता मशीनकडे येऊ. लिहिण्यासाठी फार भारी मशीन लागत नाही. ग्राफिक्स कार्ड नको, गेमिंगचा लाल-निळा प्रकाश पडणारा कीबोर्ड नको. दुकानातला मुलगा "थोडे वाढवा, हे घ्या" म्हणेल, त्याला हसून नको म्हणा. आय-थ्री किंवा रायझन-थ्री पुरतो. रॅम ८ जीबीच्या खाली घेऊ नका, १६ परवडली तर उत्तम, आणि नंतर वाढवता येते का हे विचारूनच घ्या, कारण काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच चिकटवलेली असते. हार्डडिस्कऐवजी एसएसडीच हवी, २५६ जीबी चालते, ५१२ असली तर निवांत.

मी सगळ्यात जास्त भर देते तो स्क्रीनवर, आणि याकडे कोणी बघतच नाही. आपण मराठी लिहितो. अनुस्वार, रफार, उकार ऱ्हस्व की दीर्घ, हे सगळं त्या बारीक टिंबा-रेघांवर चालतं. कमी रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर 'पिक' आणि 'पीक' यातला फरक थकल्या डोळ्यांना दिसत नाही. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० असलेलीच स्क्रीन घ्या. दुकानात मशीन चालू करायला लावा, मराठीतला एखादा परिच्छेद उघडा आणि हातभर लांबून वाचा. मुद्रितशोधन करताना झूम १५० टक्क्यांवर ठेवायची सवय लावून घ्या. दिवसाचे सहा तास टाइप करणार असाल तर बाहेरचा साधा कीबोर्ड जोडा, हात वाचतात आणि लॅपटॉपचा कीबोर्डही.

जुनं मशीन घेऊ का? घ्या. कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप आणि लॅपटॉप हा नवशिक्यासाठी उत्तम सौदा असतो. मात्र एक गोष्ट बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ नीट चालायला टीपीएम २.० ची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. पिढी ओळखायची कशी? आय-फाइव्हच्या पुढे जो चार-पाच आकडी नंबर असतो त्याची सुरुवात बघा. ८२५० असेल तर आठवी, ६२०० असेल तर सहावी. सहाव्या पिढीचं मशीन चार हजारांनी स्वस्त मिळतंय म्हणून उडी मारू नका, ते स्वस्त का झालंय ते आता तुम्हाला कळलं. एसएसडी किती घासली आहे हे क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दिसतं, आणि बॅटरी रिपोर्ट विंडोजमधूनच निघतो. दोन्ही विकणाऱ्यासमोर बघायचं, घरी जाऊन नाही.

डेस्कटॉप घेतलात तर यूपीएस घ्यायलाच हवा. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की लाइट जाणार हे ठरलेलं. ६०० व्हीएचा साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देतो. तेवढ्यात फाइल सेव्ह करायची आणि मशीन नीट बंद करायचं, बसून लिहीत राहायचं नाही. त्याच यूपीएसवर लेझर प्रिंटर लावू नका, तो सुरू होताना एवढा लोड ओढतो की यूपीएस बसलाच म्हणून समजा. आणि खरं सांगू का, सुरुवातीला प्रिंटर घेऊच नका. महिन्यात चाळीस पानं काढायची असतील तर जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जा. (हो, माझं स्वतःचं झेरॉक्स-डीटीपीचंच दुकान आहे. तरी सल्ला खरा आहे. न वापरलेल्या इंकजेटचं हेड सुकतं, आणि ते दुरुस्त करायला लोक माझ्याकडेच विचारत येतात.)

बजेटचं माझं गणित सोपं आहे. हातात चाळीस हजार असतील तर मशीन पस्तीसच्या आत बसवा. उरलेले पाच हजार फाइली सांभाळण्यासाठी. एक बाहेरची हार्डडिस्क, जमलं तर यूपीएस. चाळीसच्या चाळीस लॅपटॉपवर घालून "बॅकअपचं पुढच्या महिन्यात बघू" म्हणणारे विद्यार्थी मी बरेच बघितलेत, आणि तो पुढचा महिना सहसा येत नाही. पैसेच नसतील तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. कोटेशनमध्ये मशीनसोबत हार्डडिस्क आणि यूपीएसही लिहून घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा नंबर टाकून घ्या. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याचं क्रेडिट सोडायचं कशाला?

४८ आकड्यांची किल्ली

हा भाग लक्ष देऊन वाचा. माझ्या एका बॅचमधली मिरजेची मुलगी एका पतसंस्थेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका लिहीत होती. १६० पानं. जुन्या संचालकांच्या मुलाखती, पंचवीस वर्षांचे आकडे, फोटोंच्या ओळी, सगळं तिनेच केलेलं. पंधरा हजार ॲडव्हान्स घेतलेला. कार्यक्रमाला नऊ दिवस उरले असताना लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. रिपेअरवाल्याने बोर्ड बदलला, मशीन सुरू झालं, आणि निळ्या स्क्रीनवर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागायला लागलं.

झालं असं होतं. हल्लीच्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे तिला कुलूप लागतं. हे चांगलंच आहे, लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला फाइली वाचता येत नाहीत. त्या कुलपाचा संबंध बोर्डवरच्या टीपीएम चिपशी असतो. बोर्ड बदलला की विंडोजला वाटतं मालक बदलला, आणि ते किल्ली मागतं. किल्ली असते मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये. आणि ते अकाउंट? लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलाने "मी सेटिंग करून देतो ताई" म्हणत स्वतःच्या मनाने एक ईमेल आयडी बनवून टाकला होता. तो मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेलेला. आयडी त्यालाही आठवेना. डिस्क शाबूत, फाइली शाबूत, आणि उघडायला मार्ग नाही. डेटा रिकव्हरीवाल्यानेही हात जोडले, किल्लीशिवाय तो तरी काय करणार.

ती वाचली कशी? पहिल्या नव्वद पानांची पीडीएफ तिने संस्थेच्या सचिवांना वाचायला मेल केली होती. मुलाखतींची रेकॉर्डिंग फोनमध्ये होती. उरलेली सत्तर पानं तिने आणि तिच्या वहिनीने रात्री जागून पुन्हा लिहिली, आमच्या दुकानातल्या दोन मशीनवर. स्मरणिका कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी छापून आली. फोटोंच्या ओळी मात्र गेल्या त्या गेल्याच, कारण त्या सांगणारे काका तेव्हा मुलाकडे अमेरिकेत होते. बत्तीस फोटो नावांशिवाय छापले. पुस्तक हातात घेतल्यावर लोकांनी सगळ्यात आधी तेच विचारलं, "हे कोण?"

तेव्हा हे आजच करा. तुमच्या लॅपटॉपवर कोणतं मायक्रोसॉफ्ट अकाउंट आहे ते सेटिंगमध्ये बघा. ते तुमचं स्वतःचं, पासवर्ड माहीत असलेलं असलं पाहिजे. नसेल तर बदला. त्या अकाउंटमध्ये जाऊन रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि घरच्या कागदपत्रांच्या फाइलीत, रेशनकार्डाशेजारी ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको, बॅग गेली तर दोन्ही जाईल.

तीन प्रती, आणि त्यातली एक गावाबाहेर

बॅकअपचा जगभर चालणारा एक साधा नियम आहे, तीन-दोन-एक. फाइलीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. आपल्या धंद्यात ते असं दिसतं. पहिली प्रत लॅपटॉपमध्ये, दुसरी बाहेरच्या हार्डडिस्कवर, तिसरी क्लाउडवर.

"दुसऱ्या जागी" हा शब्द सांगलीकरांना समजावून सांगावा लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी पेठांमध्ये शिरलं, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्यांचा कॉम्प्युटर आणि बॅकअपची हार्डडिस्क एकाच टेबलाच्या खणात होती. बॅकअप नियमित घेतलेला होता. दोन्ही एकाच पाण्यात गेल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी चढलं, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांवरही हीच वेळ आली. तेव्हा हार्डडिस्क दुकानात असेल तर घरी ठेवा, घरीच काम करत असाल तर बहिणीकडे ठेवा. आणि काम झालं की ती काढून ठेवा. कायम जोडलेली हार्डडिस्क व्हायरसपासून वाचत नाही. रॅन्समवेअर आला की जोडलेलं जे दिसेल ते सगळं लॉक करतो.

रॅन्समवेअर येतो कुठून? मोठ्या कंपन्यांनाच होतो असं वाटतं, पण छोट्या माणसाकडे तो बहुतेक वेळा क्रॅक सॉफ्टवेअरमधून येतो. फुकटचं ऑफिस, फुकटचं फोटोशॉप, ॲक्टिव्हेटर चालवताना "अँटीव्हायरस बंद करा" असं लिहिलेलं असतं. अहो, चोर स्वतः सांगतोय कुत्रा बांधून ठेवा, आणि आपण बांधतो! लिहिण्यासाठी लिबरऑफिस मोफत आहे, कायदेशीर आहे, त्याचे मेनूसुद्धा मराठीत करता येतात. गुगल डॉक्स मोफत आहे. पाचशे रुपयांत 'लाइफटाइम ऑफिस' विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आला तर आधी स्कॅन करा, आणि शक्य तेव्हा "मेल करा ना" म्हणा. आमच्या दुकानात बाहेरच्या पेनड्राइव्हसाठी वेगळं जुनं मशीन आहे, त्यावर आमचं एकही काम नसतं.

पेनड्राइव्हवर बॅकअप ठेवू नका, हे ओघात सांगून टाकते. तो न्यायला-आणायला चांगला. हरवतो, वाकतो, धुण्यात जातो.

क्लाउडचं थोडं जास्त समजून घ्या. गुगलची मोफत जागा १५ जीबी. त्यात ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो तिन्ही आले, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. म्हणजे लग्नाचे व्हिडिओ आणि गुड मॉर्निंगची फुलं तुमच्या धंद्याची जागा खातात. १५ जीबी भरले की जीमेलवर मेल येणंही थांबतं. गिऱ्हाईक म्हणतं "काल मेल केलाय", आणि तुम्ही म्हणता "आलाच नाही". धंद्यासाठी वेगळं गुगल अकाउंट काढा, त्याला घरगुती फोन जोडूच नका. नुसत्या लेखनाच्या फाइलींना १५ जीबी वर्षानुवर्षं पुरतात. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, आणि त्यातून मिळणारे दहा बॅकअप कोड छापून त्या ४८ आकड्यांच्या शेजारी ठेवा. सिमकार्ड बंद पडलं तरी तुम्ही आत जाऊ शकाल.

एक मोठा गैरसमज मात्र आहे. ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हला फोल्डर सिंक केलं म्हणजे बॅकअप झाला, असं नाही. सिंक म्हणजे आरसा. तुम्ही लॅपटॉपवर फाइल उडवली की आरशातूनही ती जाते. कचरापेटीत ३० दिवस राहते, मग तिथूनही जाते. स्मरणिकेचं काम तीन-तीन महिने चालतं. पहिल्या महिन्यात चुकून उडालेलं प्रकरण तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं तर? म्हणून हार्डडिस्कवरची प्रत वेगळी लागते, दर आठवड्याला नव्या तारखेच्या फोल्डरमध्ये. जुनं फोल्डर खोडायचं नाही. मजकुराच्या फाइली असतात केवढ्याशा!

एसएसडीबद्दलही माहीत असू द्या. जुन्या हार्डडिस्कवरून उडालेली फाइल रिकव्हरीवाले बऱ्याचदा परत काढायचे. एसएसडी मोकळी झालेली जागा आतल्या आत साफ करून टाकते, त्यामुळे तिथे उडालेलं सहसा परत येत नाही. "काढता येईल की नंतर" हा जुना भरवसा आता सोडा.

आणि व्हॉट्सॲप हे कपाट नाही. पाठवलेली फाइल तुमच्या फोनमधून गेली, की काही दिवसांनी "पुन्हा पाठवायला सांगा" असा निरोप दिसतो. गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर काही पाठवलं की त्याच दिवशी उतरवून कामाच्या फोल्डरमध्ये टाका. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर आकार कमी होऊन येतात आणि छापल्यावर चेहरे धुरकट दिसतात.

फाइल आहे, पण वाचता येत नाही

मराठीत काम करणाऱ्यांचा हा खास त्रास. फाइल सुखरूप आहे, उघडतेही, पण आत सगळं इंग्रजी अक्षरांचं आणि चिन्हांचं कडबोळं. कारण ती श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. या फॉन्टमध्ये मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं चित्र. तो फॉन्ट त्या मशीनवर नसेल तर मराठी नाहीच. युनिकोडमध्ये तसं नाही. प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, म्हणून फोनवर लिहिलेलं लॅपटॉपवर, लॅपटॉपवरचं दहा वर्षांनी कुठल्याही मशीनवर वाचता येतं, शोधताही येतं.

नियम असा ठेवा. मूळ मजकूर कायम युनिकोडमध्ये. छपाईवाल्यांना जुना फॉन्ट लागत असेल, कारण अजून बरेच जण पेजमेकरवर काम करतात आणि पेजमेकरला मराठी युनिकोड जमत नाही, तर त्यांच्यासाठी वेगळी प्रत कन्व्हर्ट करून द्या. मूळ फाइलीला हात लावायचा नाही. कन्व्हर्ट केल्यावर रफार, 'ऱ्या-ऱ्हा' आणि जोडाक्षरं पुन्हा तपासा, गोंधळ तिथेच होतो. फॉन्टसाठी पैसे घालायची गरज नाही. मुक्त, नोटो सान्स देवनागरी असे चांगले फॉन्ट मोफत मिळतात. गिऱ्हाइकाला वाचायला पीडीएफच द्या, तिच्यात फॉन्ट आतच बसलेला असतो.

फाइलीच्या नावांचं दोन वाक्यांत. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं' ही नावं बंद. नाव इंग्रजी अक्षरांत द्या, कारण काही जुनी सॉफ्टवेअर मराठी नावं बिघडवतात, आणि पुढे तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, म्हणजे यादी आपोआप ओळीने लागते.

गिऱ्हाइकाशी कामाचा कागद करताना एक ओळ घाला: मजकुराची प्रत काम संपल्यावर आम्ही किती महिने सांभाळू. मी एक वर्ष लिहिते. पुढच्या वर्षी तोच अहवाल सुधारून द्यायचं काम त्याच फाइलीवरून मिळतं, आणि सांभाळण्याची जबाबदारी कायमची गळ्यात पडत नाही. तुमची स्वतःची बिलं मात्र जास्त काळ ठेवा. जीएसटीत नोंदणी असेल तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब ठेवावे लागतात, आणि ते या तीन प्रतींमध्येच बसवा.

आता महिन्याच्या एक तारखेला करायचं काम. हार्डडिस्क दुसऱ्याच कुणाच्या मशीनला जोडा आणि त्यातली कोणतीही एक फाइल उघडून वाचा. क्लाउडवरची एक फाइल फोनवर उघडा. दहा मिनिटं लागतात. कॉपी झाली असं मशीन म्हणतं, पण फाइल उघडेपर्यंत ते खरं धरू नका. माझ्या शेवटच्या बॅचमध्ये अठरा जणांनी हे करून बघितलं, तर पाच जणांचा बॅकअप तीन महिन्यांपूर्वीच थांबलेला निघाला. तिघांची गुगलची जागा भरली होती, एकाच्या हार्डडिस्कची केबल ढिली होती, आणि एक जण चुकीचं फोल्डर कॉपी करत होता, इमानेइतबारे, दर रविवारी.

पुढच्या व्हिडिओत स्मरणिकेचं कोटेशन कसं काढायचं ते घेते आहे, पानाचा दर, मुलाखतीचे तास आणि मुद्रितशोधन वेगळं धरून. तोपर्यंत ती ४८ आकड्यांची किल्ली शोधून कागदावर उतरवून ठेवा.